कॅसिनोतील भांडणे आणि आपला गल्ला

जून महिना लागला की आमच्या अंजनवेल परिसरात आंब्याचा हिशेब संपतो. बागायतदाराचे पैसे हाती येतात, पेट्या ठोकणाऱ्या सुताराची आणि माल वाहणाऱ्या गाडीवाल्याची थकलेली मजुरी चुकती होते. याच सुमारास कोणी जहाजावरून रजेवर आलेला असतो, कोणी आखातातून सुट्टीवर. वर्षभर काटकसर करणाऱ्या तरुणाच्या खिशात एकरकमी पैसा असतो. मग चार मित्र जमतात, गुहागरमार्गे चिपळूण गाठतात आणि कोकण रेल्वेने गोव्याला जातात.

सहलीला जाण्यात काही गैर नाही. परंतु पणजीला मांडवी नदीत दिव्यांनी लखलखणारी जहाजे उभी असतात. "खेळायचे नाही, नुसते पाहून येऊ," असे कोणीतरी म्हणतो. परत येताना चौघांपैकी दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. एकाने दुसऱ्याला दिलेल्या पैशांचा वाद पुढे मोहल्ल्यात महिनोन्महिने चालतो. काही वेळा प्रकरण हातघाईवर येते आणि पोलीस ठाण्यापर्यंत जाते.

या पानावर आम्ही नेहमी बाजार, कर्ज आणि परवाने यांविषयी लिहितो. जुगाराचा विषय येथे कशाला, असे कोणी विचारील. जुगार हराम आहे हे प्रत्येक मुसलमानाला ठाऊक आहे. परंतु त्यातून भांडण का उपजते आणि त्याची किंमत दुकानदाराच्या व कारागिराच्या गल्ल्यातून कशी वसूल होते, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

कॅसिनो आणि कायदा

महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोवर नियंत्रण व कर लावण्याचा एक कायदा विधिमंडळाने मंजूर केला होता. तो प्रत्यक्षात कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. म्हणजे आपल्या राज्यात कॅसिनो कायदेशीर नाही. येथे १८८७ सालचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. तेथेही १९७६ साली जुगारबंदीचा कायदा झाला. परंतु १९९२ साली त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवण्यास परवानगी देण्यात आली आणि १९९६ साली जहाजांवर टेबलाचे खेळ चालविण्यास मुभा मिळाली. मांडवीतील जहाजे ही त्या मुभेची फळे होत. २१ वर्षांखालील व्यक्तीला तेथे प्रवेश नाही. आणि विशेष म्हणजे, १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या स्थानिक रहिवाशांनाही खेळण्यासाठी प्रवेश बंद करण्यात आला. ज्या राज्याला या धंद्यातून महसूल मिळतो, तेच राज्य आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवते. मग बाहेरून येणाऱ्याने काय समजावे?

हे एकट्या गोव्याचे नाही. सिंगापूरमध्ये २०१० साली दोन कॅसिनो सुरू झाले. परदेशी पाहुणा पासपोर्ट दाखवून आत जातो, परंतु सिंगापूरच्या नागरिकाला दिवसाला १०० डॉलर प्रवेशकर भरावा लागे. २०१९ साली तो १५० डॉलर झाला. शिवाय घरच्या मंडळींनी अर्ज केल्यास एखाद्याचा प्रवेश बंद करण्याची सोय तेथे आहे. मलेशियात गेंटिंगचा कॅसिनो प्रसिद्ध आहे, परंतु तेथील मुसलमानांना त्यात खेळण्यास बंदी आहे.

हिशेब आधी समजून घ्या

भांडणाचे मूळ हिशेबात आहे, म्हणून तो प्रथम पाहू. रुलेट नावाच्या खेळात एक चाक फिरते. साध्या चाकावर शून्यासह ३७ आकडे असतात. तुम्ही एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तोच आकडा आला तर ३५ पट, म्हणजे ३,५०० रुपये मिळतात आणि लावलेले १०० परत येतात. एकूण ३,६०० झाले.

आता समजा, कोणी सर्व ३७ आकड्यांवर प्रत्येकी १०० रुपये लावले. खर्च ३,७०० रुपये. एक आकडा हमखास येणारच. हाती ३,६०० रुपये येतील. तोटा १०० रुपये. चाकात काही लबाडी नाही, फिरवणाऱ्याच्या हातात जादू नाही. फक्त देणे एका आकड्याने कमी ठेवलेले आहे. शेकडा २ रुपये ७० पैसे ही कॅसिनोची अडत समजा. काही चाकांवर दोन शून्ये असतात. तेथे ही अडत शेकडा सव्वापाच रुपयांच्या वर जाते.

शेकडा पावणेतीन रुपये फार नाहीत, असे वाटेल. परंतु व्यापाऱ्याला उलाढाल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आपल्या फळीवरचा २० हजारांचा माल वर्षात चार वेळा फिरला तर नफाही चार वेळा मिळतो. जुगाराच्या टेबलावर नेमके उलट घडते. पैसा जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा तोटा. तासाला ४० डाव आणि प्रत्येक डावावर ५०० रुपये धरले तर तासाची उलाढाल २० हजार होते. त्यावरचा सरासरी तोटा सुमारे ५४० रुपये. एखादा जिंकून उठतोही, परंतु जो बसून राहतो त्याला हा हिशेब गाठतोच. शिवाय हरणारा माणूस ५०० वर थांबत नाही. गेलेले परत आणण्यासाठी तो हजार लावतो, मग दोन हजार.

तात्पर्य, रात्रीच्या शेवटी त्या दालनात हरलेल्यांची संख्या जास्त असणार हे आधीच ठरलेले आहे. दारूचा प्याला बहुधा प्रवेशाच्या पैशातच मिळतो. आजूबाजूला घड्याळ दिसत नाही, खिडकी दिसत नाही. थकलेली, प्यालेली आणि हरलेली माणसे एकमेकांना खेटून बसलेली असतात. अशा ठिकाणी भांडण झाले नाही तरच नवल.

भांडण कोठे उगवते

या भांडणांचे काही ठरावीक प्रकार आहेत.

पहिला प्रकार मालकीचा. डाव लागला की दोघे म्हणतात, चकती माझी होती. सगळ्या चकत्या सारख्या असल्या तर निवाडा कसा करणार? म्हणून रुलेटच्या टेबलावर प्रत्येक खेळणाऱ्याला वेगळ्या रंगाच्या चकत्या देतात. इतकी साधी युक्ती, परंतु तिचे कारण हेच की त्यावाचून दर डावाला तंटा झाला असता.

दुसरा प्रकार वेळेचा. चाक मंदावू लागले की टेबलावरचा कर्मचारी आता कोणी लावू नये असे सांगतो. त्यानंतरही कोणी हात पुढे करतो. चकती आधी ठेवली की नंतर, यावरून वाद पेटतो.

तिसरा प्रकार सर्वांत विचित्र. पत्त्यांच्या एका खेळात, ज्याला ब्लॅकजॅक म्हणतात, पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची असते, परंतु २१ ओलांडायचे नसतात. टेबलावरचा प्रत्येक जण कॅसिनोविरुद्ध खेळतो, शेजाऱ्याविरुद्ध नाही. तरीही शेवटच्या जागेवरील माणसाने एक पान जास्त घेतले आणि कॅसिनो जिंकला, तर सारे टेबल त्याच्यावर तुटून पडते. "तू पान घेतले नसतेस तर आम्ही जिंकलो असतो." वास्तविक पाहता, त्याच्या त्या पानाने जितक्या वेळा इतरांचे नुकसान होते तितक्याच वेळा फायदाही होतो. परंतु फायदा झाला तेव्हा कोणी त्याचे आभार मानत नाही. ज्याने पैसे घेतले तो कॅसिनो हसतमुखाने उभा असतो आणि हरलेला माणूस आपल्यासारख्याच हरलेल्याची गचांडी धरतो.

चौथा प्रकार हक्काचा. यंत्रावर तासभर पैसे घालणारा मध्येच उठतो आणि त्या जागी दुसरा येऊन बसतो. दुसऱ्याला पैसे लागले की पहिला म्हणतो, ते माझे होते, मीच यंत्र भरले होते. यंत्राला काही आठवत नसते. मागच्या डावाचा पुढच्या डावाशी संबंध नसतो. मोंटे कार्लो येथे १८ ऑगस्ट १९१३ रोजी रुलेटवर सलग २६ वेळा काळा रंग आला. आता तांबडा येणारच, अशा समजुतीने लोक तांबड्यावर पैसे वाढवत गेले आणि बुडाले. आपले पैसे कोठेतरी जमा आहेत आणि ते परत मिळणे हा आपला हक्क आहे, हा भ्रम एकदा डोक्यात बसला की शेजारी चोर दिसू लागतो.

बंदोबस्त कशासाठी?

कॅसिनोवाल्यांना हे सारे ठाऊक असते. म्हणून टेबलावर कॅमेरा असतो. नोटा घेतल्यावर त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मोजतात. कर्मचारी टेबल सोडताना हात झटकून दोन्ही तळवे दाखवतो. काही टेबलांमागे एक देखरेख करणारा आणि त्याच्यावर आणखी एक. वाद झाला तर चित्रण पाहून निवाडा देतात आणि गिऱ्हाईक ऐकले नाही तर पहारेकरी त्याला बाहेर काढतात.

वाचकांनी आपल्या बाजाराशी याची तुलना करावी. गुहागरच्या किंवा चिपळूणच्या बाजारात सुपारी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा राग येत नाही. एकाने नारळ घेतले म्हणून दुसऱ्याचे काही जात नाही. म्हणून आपल्याला फळीमागे दंडेलीची माणसे ठेवावी लागत नाहीत. ज्या धंद्यात गिऱ्हाइकांना एकमेकांपासून सांभाळण्यावर एवढा खर्च करावा लागतो, त्या धंद्यात विकले काय जाते हे सांगायला नको. आणि एवढे करूनही भागत नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यात, लाफलिन येथील एका कॅसिनोत, एप्रिल २००२ मध्ये मोटारसायकलवाल्यांच्या दोन टोळ्यांत मारामारी होऊन तीन माणसे ठार झाली. वैर बाहेरचे होते, परंतु कॅमेरे आणि पहारेकरी असतानाही ते थांबवता आले नाही.

उधारीचा काटा

आता आपल्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. टेबलावरचे भांडण रात्रीत मिटते. उधारीचे मिटत नाही.

समजा, एका सुताराने मित्राला खेळण्यासाठी २० हजार रुपये दिले. मित्र हरला आणि आता देत नाही. सुतार वसुलीसाठी कोणाकडे जाणार? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीच्या मोठ्या बक्षिसासाठी ठेवलेला अपवाद सोडला तर हाच नियम आहे. मुंबई इलाख्याने तर १८६५ सालच्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले होते आणि पैजेला साह्य करण्यासाठी केलेले करारही बाद ठरवले होते. १९५९ साली घेरुलाल पारख यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. इतरत्र पैजेशी जोडलेला करार टिकू शकतो, मुंबईच्या कायद्याखाली नाही. थोडक्यात, जुगारासाठी आहे हे जाणून दिलेली उधारी म्हणजे समुद्रात फेकलेला पैसा समजावा.

येथेच मारामारीचे बीज आहे. ज्या येण्याला न्यायालयाचे दार बंद, ते येणे माणूस धमकीने वसूल करू पाहतो. मग रात्री अपरात्री घरी जाणे, होडीचे इंजिन किंवा दुचाकी ओढून आणणे, बायकोच्या दागिन्यांवर डोळा ठेवणे सुरू होते. साध्या व्यवहारात लेखी पावती असते, साक्षीदार असतो, जमातीचे वडीलधारे मध्ये पडू शकतात. जुगाराच्या उधारीत घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही ती लपवायची असते.

दुकानदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८८७ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये अड्डा चालवणारा जसा गुन्हेगार आहे, तसाच आपली जागा जाणूनबुजून त्यासाठी वापरू देणारा मालक किंवा भाडेकरूही आहे. अड्ड्यावर येणाऱ्यांना खेळण्यासाठी पैसे पुरवणाराही त्यात येतो. दुकानाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी पैसे लावून तीन पत्ती चालते आणि मालक "पोरे आहेत, खेळू द्या" म्हणून कानाडोळा करतो, त्याने हे कलम एकदा वकिलाकडून समजून घ्यावे.

पासपोर्ट हीच ज्याची रोजी

आमच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांची चूल जहाजावरच्या किंवा आखातातल्या नोकरीवर पेटते. त्यांच्यासाठी भांडणाचा दंड वेगळाच आहे.

सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४ खाली गुन्हा आहे. शिक्षा लहान आहे, महिनाभराची कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कोणाला इजा झाली तर त्याचे कलम वेगळे. तरुण म्हणतो, हजार रुपये भरू. परंतु १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे भारतातील न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मग न्यायालयाची परवानगी आणावी लागते. परदेशी मालक पोलिसांचा दाखला मागतो, त्यातही खटल्याची नोंद येते. खटला पणजीला, वकील पणजीला, तारीख पडेल तेव्हा अंजनवेलहून जायचे. तोवर जहाज निघून जाते आणि करार दुसऱ्याला मिळतो. शंभर रुपयांच्या चकतीवरून झालेल्या धक्काबुक्कीत वर्षाची रोजी जाऊ शकते.

धोका तर व्यापारातही असतो

काही वाचक म्हणतील, व्यापार हाही जुगारच. पाऊस लवकर आला की आंबा गेला, भाव पडला की माल अंगावर. ही गोष्ट खरी की आपल्या धंद्यात धोका आहे. आमच्या गावाने तर मोठा धोका डोळ्यांनी पाहिला आहे. येथील वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली बंद पडला. पुढे २००५ मध्ये नवी कंपनी स्थापन होऊन तो पुन्हा उभा करावा लागला.

तरीही फरक आहे आणि तो मोठा आहे. प्रकल्प बंद पडला तरी त्या कामावर गवंडी जे शिकला ते त्याच्या हातात राहिले. व्यापारात माल इकडून तिकडे जातो. विकणाऱ्याला नफा आणि घेणाऱ्याला गरजेची वस्तू, असे दोघांचेही भले होऊ शकते. पलीकडे दाभोळच्या बंदरातून एके काळी एडन आणि होर्मुझपर्यंत व्यापार चाले. जहाज बुडण्याचा धोका तेव्हाही होता. परंतु आपल्या शरीअतमध्ये भागीदारीचे नियम आहेत. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असेल, तर नफा ठरल्याप्रमाणे वाटतात, आणि मेहनत करणाऱ्याचा काही कसूर नसताना तोटा झाला तर भांडवल त्याचे जाते आणि याची मेहनत जाते. दोघे एकाच होडीत असतात. जुगारात एकाचे बुडणे हाच दुसऱ्याचा नफा असतो.

म्हणूनच दिव्य कुरआनात सूरह अल-माइदा (५:९०-९१) मध्ये दारू आणि जुगार यांचा उल्लेख एकत्र आला आहे, आणि त्यांतून सैतान माणसामाणसांत वैर व द्वेष घडवू पाहतो असे कारण दिले आहे. पैसा जातो हे कारण तेथे पुढे केलेले नाही, माणसे तुटतात हे सांगितले आहे. वर दिलेला ३७ आकड्यांचा हिशेब आणि गचांडी धरणारे ते टेबल पाहिले म्हणजे या इशाऱ्याचा अर्थ व्यवहारातही कसा खरा ठरतो ते पटते.

काय करावे?

व्यापारी आणि कारागीर बंधूंना आमच्या काही सूचना आहेत.

सहलीला जाताना एकाला अमीर नेमावे आणि खर्चाचा पैसा त्याच्याकडे अमानत म्हणून ठेवावा. कोठे जायचे आणि कोठे नाही, हे निघण्याआधी ठरवावे. "नुसते पाहून येऊ" हे वाक्य तेथेच मोडून काढावे.

खेळण्यासाठी कोणी उसने मागितले तर स्पष्ट नाही म्हणावे. मित्राला राग आला तरी चालेल. तो राग आठ दिवसांत जातो, बुडालेल्या उधारीचा जन्मभर जात नाही.

कामगाराला हंगामाच्या शेवटी मोठी रक्कम देताना शक्य तर ती बँक खात्यात जमा करावी आणि घरच्या माणसांना ठाऊक असेल असे पाहावे. त्याचा पैसा त्याचाच आहे, आपण मालक नाही. परंतु रोख रक्कम एकदम हातात पडणे आणि मोह यांचे नाते जुने आहे.

भांडण होऊन गेले असेल तर ते वाढवू नये. सूरह अल-हुजुरात (४९:१०) मध्ये भावाभावांत समेट घडविण्याची आज्ञा आहे. वडीलधाऱ्यांनी दोघांना समोर बसवावे. जिंकल्याचा पैसा कोणी मागू नये. उसना दिलेला पैसा घेणाऱ्याने आपल्या इमानाला स्मरून हप्त्याहप्त्याने परत करावा. कायद्याचा आधार घेऊन मित्राचे पैसे बुडवू नयेत.

आणि ज्याला ही सवय सोडवतच नाही, त्याला नुसते शिव्याशाप देऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाची गणना आजारांत केली आहे. सरकारच्या टेली-मानस या सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. आता तर टेबल मोबाइलमध्येच आले आहे. संसदेने २०२५ साली पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. परंतु जो एकट्याने हरतो त्याला भांडायला शेजारचा खेळाडू मिळत नाही. तो राग तो घरी बायकामुलांवर काढतो. तेथे कॅमेरा नसतो आणि पहारेकरीही नसतो. म्हणून घरच्या माणसांनी लक्षण दिसताच बोलावे.

आपल्या गल्ल्यात आलेला रुपया कोणाच्या तरी गरजेतून आलेला असावा, कोणाच्या हरण्यातून नव्हे. अशा रुपयाला बरकत असते आणि तो घरी नेताना मान खाली घालावी लागत नाही. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि आपसात सलोखा देवो. आमीन.